ऐंशी वादक आणि बाबालाल

बातमीला जागा मोजून मिळते. त्यामुळे इतकी वर्षं वार्ताहर म्हणून भांडत हिंडलो, तरी जे छापून आलं नाही तेच माझ्याकडं जास्त साठलंय. त्यातलं निम्मं शाहूपुरीतल्या दिनूच्या रेकॉर्डिंगच्या खोलीतलं!

दिनू माझा कॉलेजपासूनचा दोस्त. नाटकांना संगीत द्यायचा. बाबालाल त्याचा व्हायोलिनवाला. सिंथेसायझर आले तशी बाबालालची एकेक बैठक बंद पडत गेली. शेवटी व्हायोलिनची पेटी उघडायला त्याला दिनूची खोली तेवढी उरली. आणि दोन हजार सालानंतर दिनूनंही कॉम्प्युटर घेतला!

*

एकदा मी आणि बाबालाल खोलीत बसलो असताना दिनू फोनवर कुणाला तरी म्हणाला, "एक छोटी सॅम्पल लायब्ररी घ्यायचीय." खऱ्या वाद्यांचे सुटे सूर आधी टिपून ठेवलेले असतात. कीबोर्डवर बोट ठेवलं, की कॉम्प्युटरमधून आख्खा ऑर्केस्ट्रा वाजतो. त्या साठ्याला म्हणे लायब्ररी म्हणतात!

बाबालालला हे कुठलं माहीत? तो म्हणाला, "विकत कशाला घेताय अण्णा? दोन फोटो द्या, वाचनालयात मेंबर करून टाकतो!"

"अरे, सॅम्पल लायब्ररी!"

"सॅम्पल व्हय?" त्यानं माझ्याकडं बोट केलं. "ह्ये काय, बसल्यात की!"

*

त्या लायब्ररीत व्हायोलिनंही असतात हे मला कळलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. दिनूला गाठून म्हटलं, "जन्मभर साथ केलेल्या माणसाला घरी बसवतोस? उद्या छापतो!"

"छाप की. फोटो जरा बरा टाक," दिनू शांतपणे म्हणाला. मग तोही पेटला. "नाटकात लढाई आहे. मला फ्रेंच हॉर्न पाहिजे. मलकापुरात जाऊन एक फ्रेंच हॉर्नवाला शोधून आण, कॉम्प्युटर आत्ता विकतो!"

कोपऱ्यातून बाबालाल म्हणाला, "हॉर्नच पायजे तर एस्टी स्टँडवर चला की."

*

लायब्ररी दाखवायला जयसिंगपूरहून शिवाप्पा आला. कॉम्प्युटर जोडून विकायचा त्याचा धंदा. दिनूच्या मशिनात जागा कमी, म्हणून आटोपशीर अशा तीन लायब्रऱ्या त्यानं आणल्या होत्या.

"ऐंशी वादक हायत ह्यात, मामा," तो बाबालालला कौतुकानं म्हणाला.

"ऐंशी? आनि एवढ्यांस्नी चहा?"

"चहा पीत न्हाईत. त्योच तर फायदा!"

बाबालाल विचारात पडला. "मग वाजवत्यात कशाच्या जिवावर?"

*

पहिली लायब्ररी लावणार, तोच लाइट गेली. लोडशेडिंग! त्यावर मी पेपरातून इतकी आग ओकलो होतो, की तिच्यावर एक बल्ब तरी पेटायला हवा होता. ऐंशीच्या ऐंशी वादक जागच्या जागी गप्प. बाबालालनं काळोखातच व्हायोलिन काढलं आणि लाइट येईपर्यंत वाजवत बसला.

लाइट आली तेव्हा शिवाप्पा डोळे पुसत होता. वर म्हणाला, "मामा, तुमास्नी यूपीएस लागत न्हाय!"

*

मग पहिली लायब्ररी वाजली. त्यातली व्हायोलिनं खरंच अप्रतिम होती. बाबालालनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"माझ्यापरास सुरात हाय, अण्णा," तो हळूच म्हणाला.

दिनू ताडकन उठला. "भिकार आहे. दुसरी लाव!"

दुसरीतली व्हायोलिनं तर आणखी गोड. दिनू म्हणाला, "ही जागा फार खाते."

"अण्णा, ही पयलीच्या निम्मीच हाय!" शिवाप्पा कळवळला.

"तरी खाते!"

बाबालाल उठला. "चहा सांगून येतो," म्हणून बाहेर गेला.

*

तिसरी लावताना शिवाप्पाच ओशाळला होता. "हॉर्न, नगारे झकास हायत ह्यात. पन व्हायोलिनं..." ती वाजली. गंजलेली बिजागरी बरी! मी कानांवर हात ठेवले.

"परत लाव," दिनू म्हणाला. परत ऐकली. डोळे मिटून, मन लावून ऐकली.

"ह्याच्यापेक्षा वाईट व्हायोलिनं कशात आहेत?"

"ह्याच्या खाली कायबी न्हाय अण्णा!"

"मग हीच बसव."

शिवाप्पा त्याच्याकडं बघतच राहिला. तेवढ्यात बाबालाल चहावाल्याला घेऊन दारात आला आणि तो आवाज ऐकून जागीच थबकला.

"अरारारा! कुनाला मारायलाय, अण्णा?"

दिनूनं मोठा सुस्कारा सोडला. "काय करू, बाबालाल? आपल्या कॉम्प्युटरमध्ये हीच मावते."

"मावू दे की! हॉर्न घ्या, नगारं घ्या. व्हायोलिनं तेवढी बंद ठेवा तिच्यातली." बाबालालनं कपबशी त्याच्या हातात दिली आणि बाह्या वर सारल्या. "एवढं तोंड कशाला पाडताय? मी हाय की!"