गोडंबीच्या पाकिटावर काय लिहायचं

बिब्याचं तेल उडालं ते थेट सुनेच्या डाव्या डोळ्यात. ती हात डोळ्याकडे नेणार, तोच मी तिची मनगटं धरली, कारण हातही तेलानेच भरले होते. ती ओरडत होती, मी सोडत नव्हते. पुण्याहून आलेली बाई कॅमेरा घेऊन उभीच.

"बादली आणा!" मी तिला ओरडले. तेव्हा ती हलली.

बिबा ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ही काळी बी. टरफलातलं तेल कातडीला लागलं की फोड येतात. आम्ही म्हणतो, बिबा उतला. आत पांढरी गोडंबी निघते, ती बाळंतिणीच्या लाडवात घालतात. एकेक बी दगडावर ठेवून फोडावी लागते. फोडायला बसताना आम्ही हाताला खोबरेल लावतो, वरून राख चोळतो आणि अख्ख्या तोंडावरून जुन्या लुगड्याचं विरळ फडकं बांधतो. त्यातून दिसतं, तेल मात्र आत येत नाही.

ते फडकं बाईने सुनेला फोटोसाठी काढायला सांगितलं. "वहिनी, चेहरा दिसायला हवा. लोकांना माणूस बघायचा असतो."

"उतते न ताई," सून म्हणाली.

"काढ न वं दोन मिनिटं," मी म्हटलं. "फोटोच काढून राह्यल्या त्या, तुले खाऊन नाई राह्यल्या."

आमच्या बचत गटाचा माल पहिल्यांदा पुण्याला, या बाईच्या दुकानात जाणार होता. मला तो जायला हवा होता, म्हणून मी तसं बोलले. सुनेने माझं ऐकलं.

मेहकरच्या डॉक्टरांनी डोळा धुतला, औषध घातलं आणि वर पट्टी बांधली. किती दिसेल ते नंतर कळेल, म्हणाले.

पट्टी निघाली नव्हती तेव्हाच बाई पुन्हा आली. डोळ्याची चौकशी केली, खाली मान घालून माफी मागितली आणि मग पिशवीतून पाकिटाचा नमुना काढला. त्यावर सुनेचा फडकं काढलेला हसरा फोटो होता, तेल उडायच्या आधीचा. मी चौथीपर्यंत शिकले, अक्षराला अक्षर लावून वाचते. खाली लिहिलं होतं: 'आमच्या डोंगरातली गोडंबी. झाडाला वा माणसाला कुठलीही इजा न करता.'

"हे खोटं हाय," मी म्हटलं.

"आजी, पाकिटावर सगळे असंच लिहितात."

"लिहू द्या सगळ्यायले. डोंगरात बिब्याची झाडं किती उरली, चला दाखवतो. आम्ही पोतं खामगावच्या बाजारातून आणतो. त्या झाडाचं कोणी काय केलं, मले का मालूम? अन् माणसाले इजा नाई, हे इच्याकडे पाहून वाचा बरं."

गटातल्या बाया जमल्या होत्या, त्यातली शेजारीण चिडली. "बुढे, तुह्या तोंडानं हातचं गिऱ्हाईक जाईन."

"गेलं त जाऊ दे. आपणच लाडू करून खाऊ. तू बाळंतीण होय, मी खाऊ घालतो."

शेजारणीचा मुलगा लग्नाच्या वयाचा. बाया हसल्या, ती नाही हसली.

बाईने सुनेला विचारलं, "तुम्ही सांगा. फोटो तरी राहू दे?"

"ठेवा, पण फडकं बांधलेला."

"मग तुम्ही ओळखू कशा येणार?"

"मले ओळखून काय करता, ताई? गोडंबी खायची हाय न?"

बाईने वही काढली. मी सांगत गेले, ती लिहीत गेली: बिबे बाजारातून घेतो, ते कुठल्या रानातले हे आम्हाला माहीत नाही. फोडताना हात उततात. फडकं, राख, खोबरेल आणि आता बंद चष्मा लावून फोडतो, म्हणून माल थोडा निघतो. मध्ये ती एकदा थांबली. "'उततात' नको, आजी. वाचून लोक घाबरतील."

"घाबरू द्या. आम्ही नाई घाबरत का?"

तिने ते तसंच ठेवलं. पाकीट तसंच छापून आलं. पुण्याहून मागणी आली, आधी ठरली होती त्याच्या निम्मी. शेजारीण महिनाभर माझ्याशी बोलली नाही. कारखान्यातले कामगार लावतात तसले बंद चष्मे पाकीट छापायच्या आधीच आम्ही सगळ्यांसाठी आणले. त्यात घाम येतो, बाया कुरकुरतात. चष्म्याशिवाय मी कोणाला दगडाशी बसू देत नाही.

तेल उडालं त्या दिवशी दगडाशी आम्ही दोघीच होतो, सून आणि मी. दोघी आजही तिथेच बसतो. तिला डाव्या डोळ्याने धूसर दिसतं. माझे दोन्ही डोळे चांगले आहेत.