सतरा नंबरच्या रक्तातल्या सात पेशी

“सात? नक्की सात?” फोनवर डॉक्टर मॅडम होत्या.

“दोनदा मोजल्या, मॅडम. दोन्ही वेळा सात.”

“मागच्या वेळी एक होती.”

“हो. तीन महिन्यांपूर्वी एक.”

“मग गोळी बंद करावी लागेल बहुतेक,” त्या म्हणाल्या.

मी चंद्रपुरातल्या एका कॅन्सर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. माझ्याकडे पेशंटचं नाव येत नाही, नंबर येतो. हा सतरा नंबर होता. पण मॅडमच्या आवाजावरून कळलं की या आकड्यावर कुणाचं तरी बरंच काही अवलंबून आहे. म्हणून विचारलं.

जिवतीकडच्या एक बाई. त्यांना इथे मैनाबाई म्हणतो. नाव बदललं आहे, आकडे बदललेले नाहीत. त्यांचा स्तनाचा कॅन्सर मेंदूपर्यंत गेला होता. मेंदूला रेडिएशन देऊन झालं होतं आणि गोळी सुरू होती. नव्या एमआरआयमध्ये एका जुन्या गाठीभोवती सावली वाढलेली दिसत होती. ती सावली गाठ वाढल्याची असू शकते किंवा रेडिएशनमुळे आलेल्या सुजेचीही असू शकते. फोटोत दोन्ही सारखंच दिसतं. सूज असेल तर गोळी चालू ठेवायची. गाठ असेल तर गोळी हरली, बदलायची. अडचण अशी की मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा पहारा कडक असतो, बहुतेक औषधं आत जाऊच शकत नाहीत. ही गोळी जाते. ती बंद केली तर मैनाबाईंसाठी तितकं आत पोचणारं दुसरं औषध मॅडमकडे नव्हतं.

“मॅडम, आपला आकडा अभ्यासासाठी आहे. त्यावर उपचार ठरवायचे नाहीत, असं लिहिलंय.”

“लिहिलंय ते मलाही माहीत आहे, भाऊ. पण आकडा एकदा कानावर पडला की डोक्यातून जात नाही. गुरुवारी बाई येणार आहेत. तोवर बघा काही कळतं का.”

हातात तीन दिवस होते.

हा अभ्यास काय, ते थोडक्यात सांगतो. कॅन्सरच्या गाठीतून काही पेशी सुटतात आणि रक्तात फिरतात. गाठ मेंदूत गेलेल्या पेशंटच्या रक्तात त्या किती सापडतात, हे आम्ही बघतो. साडेसात मिली रक्त घ्यायचं, म्हणजे दीड चमचा. त्यात तांबड्या पेशी अडीच-तीन हजार कोटी आणि पांढऱ्या चार-पाच कोटी. त्यांतून आपल्याला हवी असलेली एखादी, दुसरी. तांबड्या काढून टाकतो, उरलेल्यांना चमकणारे रंग लावतो आणि मायक्रोस्कोपखाली बघतो. केंद्रक निळं दिसतं. पांढऱ्या पेशीला लाल कडा येते. गाठीतून सुटलेल्या पेशीला हिरवी येते. निळं आणि हिरवं आहे, लाल नाही, अशी पेशी मोजायची.

हिरवा रंग खरं तर ‘कॅन्सर’ दाखवत नाही. कातडी, स्तन, आतडी यांच्या अस्तराच्या पेशींत जो धागा असतो, तो दाखवतो. अशा पेशी रक्तात असायचं एरवी कारण नसतं, म्हणून आपण त्यांना कॅन्सरच्या समजतो. हे वाक्य मी कित्येकांना शिकवलं आहे. त्यातल्या ‘समजतो’कडे त्या सोमवारी पहिल्यांदा नीट पाहिलं.

स्लाइड पुन्हा लावली. सातही पेशी सापडल्या. नियमात बसत होत्या, पण मला आवडल्या नाहीत. कॅन्सरच्या पेशीचं केंद्रक सहसा मोठं असतं, पेशीचा बराच भाग व्यापतं. या सातपैकी सहा पसरट होत्या आणि मधे बारीकसं केंद्रक. परातीत एकच लिंबू ठेवावं, तसं. पण ‘आवडल्या नाहीत’ असं रिपोर्टमध्ये लिहिता येत नाही.

मग रजिस्टर काढलं. सतरा नंबरच्या पहिल्या नमुन्यापर्यंत एकोणीस नमुने झाले होते. त्यांत तेरा शून्य. त्यानंतर अकरा नमुने, शून्य एकही नाही. अकरा वेगवेगळी माणसं, वेगवेगळ्या गावांची. सगळ्यांचा आजार एकाच आठवड्यापासून कसा वाढेल? आजाराला कॅलेंडर नसतं. म्हणजे बदल आमच्याकडे झाला होता.

रंगाची बॅच तीच. मायक्रोस्कोपचा दिवा तोच. मोजणारा मीच. उरलं रक्त काढणं.

रक्त काढायचं काम शबानाबाईंचं. हात इतका हलका की लहान मुलंही त्यांच्यापुढे रडत नाहीत. मी कलेक्शन रूममध्ये गेलो आणि विचारलं, “पहिली नळी कोणती भरता?”

“काऊन भाऊ? काई गडबड झाली का?”

“आधी सांगा.”

“तुमचीच भरतो न.”

“आणि त्याआधी थोडं रक्त टाकून द्यायचं असतं, ते?”

त्यांनी हातमोजे काढले. “ते मीच बंद केलं. रागवाचं तर रागवा. ते जिवतीकडची बाई आली होती न, तिनं पाह्यलं. पहिली नळी मी लाल पिशवीत टाकली, तं म्हणे, ‘मले म्हणता अंगात रगत नाई, रगताच्या गोया खाय. अन् इथी माह्यंच रगत कचऱ्यात टाकता?’ मी काय जवाब देऊ? तुमच्या कागदावर काय लिवलं हाये? ‘पहिली नळी वापरू नये.’ काऊन वापरू नये, ते कुठी लिवलं? मी समजली, काईतरी फॉर्मॅलिटी असन. बिचारीचं हिमोग्लोबिन आठ. त्या दिवसापासून कोणाचंच नाई टाकलं.”

कागद म्हणजे आमचा एसओपी, काम कसं करायचं याचे लेखी नियम. तो मी लिहिला होता.

मी त्यांना धान्याच्या पोत्याचं उदाहरण दिलं. वरोऱ्याच्या यार्डात सोयाबीनच्या पोत्यात परखी खुपसतात, नमुना काढायची लोखंडी पोकळ नळी. पहिल्या दाण्यांबरोबर पोत्याचे तागाचे धागेही येतात. सुईही पोकळच. ती कातडीतून जाते तेव्हा कातडीचा कणभर तुकडा कापला जातो आणि पहिल्या रक्ताबरोबर नळीत उतरतो. कातडीच्या पेशीही निळ्या-हिरव्याच दिसतात.

“म्हणजे तुमी बाईची कातडी मोजली?” शबानाबाई म्हणाल्या.

“शक्यता आहे. सिद्ध करावं लागेल. माझं रक्त काढा. एकाच टोचणीत दोन नळ्या. कोणती पहिली, ते चिकटपट्टीखाली लिहा. मला सांगू नका.”

“स्वतःवरच भरोसा नाई का, भाऊ?”

“मोजताना नाही.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत दोन्ही नळ्यांच्या स्लाइड बघून झाल्या. एकीत शून्य, दुसरीत चार. बावन्न वर्षांच्या निरोगी माणसाच्या रक्तात चार. पट्टी सोलायच्या आधी मी दोन्ही हात टेबलावर ठेवून बसलो. चार पहिल्या नळीतल्या असल्या तर ठीक. दुसऱ्या नळीतल्या असल्या, तर मॅडमच्या ओपीडीत मलाच नंबर लावावा लागणार होता.

“सोला न आता,” शबानाबाई म्हणाल्या. “मले घरी जाचं हाये.”

चार पहिल्या नळीतल्या होत्या.

एका माणसावरून काही ठरत नाही. बुधवारी शबानाबाईंचं आणि स्टाफमधल्या दोघांचं रक्त घेतलं. एकूण चौघांपैकी तिघांच्या पहिल्या नळीत हिरव्या पेशी निघाल्या. दुसऱ्या नळीत कुणाच्याच नाहीत.

मी मॅडमना फोन केला. “सात धरू नका.”

“मग किती धरू?”

“माहीत नाही.”

“माहीत नाही हा आकडा नसतो, भाऊ.”

“आज तोच बरोबर आहे. उद्या पुन्हा रक्त घेऊ द्या. तोवर गोळी बंद करू नका.”

“एक आठवडा थांबते,” त्या म्हणाल्या. “त्याहून जास्त नाही.”

गुरुवारी मैनाबाई आल्या. डोक्याला रुमाल, हातात औषधाची पिशवी. शबानाबाईंच्या हातात सुई बघून त्यांनी पदर ओढून दंड झाकला.

“परत रगत? परवाच्या खेपेले तं नेलं न?”

मी पुढे झालो. “बाई, मागच्या वेळी रक्त घ्यायची आमची पद्धत चुकली. पुन्हा बघावं लागेल. यावेळी काही फेकणार नाही. पहिली नळी तुमच्या हिमोग्लोबिनच्या तपासणीला जाईल. ती तशीही तुम्हाला खालच्या खिडकीवर द्यावीच लागते. दुसरी आमची. एकाच टोचणीत दोन्ही कामं.”

“हे तवाच काऊन नाई सुचलं?”

दोन्हीकडचं काम कुणी जोडून पाहिलं नव्हतं. खालची खिडकी आणि आमची खोली यांच्यात एक जिना होता, एवढंच.

“चूक कोणाची? ह्या बाईची?”

“नाही. माझी.”

त्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं, मग पदर सोडला. “घे वं बाई. पन मोजजा बराबर.”

तीन वेळा मोजलं. एक पेशी. केंद्रक मोठं, कडा स्पष्ट. ती मात्र खरी वाटत होती.

एकावरून मेंदूतलं काही सिद्ध होत नाही, हे मी मॅडमना सांगितलं आणि त्यांनाही ते ठाऊक होतं. पण गोळी बंद करायला लावणारा सात आता राहिला नव्हता. त्यांनी गोळी चालू ठेवली, सुजेचं औषध जोडलं आणि सहा आठवड्यांनी एमआरआय काढला. सावली निम्म्याहून कमी झाली होती. सूजच होती ती. मैनाबाई अजून तीच गोळी घेतात.

मधले अकरा आकडे मी रजिस्टरमध्ये रेघ मारून रद्द केले आणि प्रत्येक रेघेपुढे सही केली. नागपूरहून अभ्यास चालवणाऱ्या साहेबांचा फोन आला. “अकरा सॅम्पल गेले हो!” मी म्हटलं, “गेले.” कलेक्शनवर कारवाई करायची का, असंही त्यांनी विचारलं. मी एसओपीचं ते पान त्यांना पाठवून दिलं. त्यावर लेखक म्हणून माझं नाव होतं. पुढे तो विषय निघाला नाही.

नियम मोडला की आपण आधी मोडणाऱ्याला शोधतो. त्याला त्या नियमाचं कारण सांगितलं होतं का, हे बघत नाही. त्या आठवड्यात मी एसओपी सुरुवातीपासून वाचला. नियम चाळीस होते. कारण फक्त सहा नियमांखाली लिहिलेलं होतं.