गोलकीपरची आई

आमच्या टीमच्या आईबापांना कुठेही एकत्र बसवा, ईस्ट कोस्टच्या हॉकर सेंटरवर खाताना नाहीतर कुणाच्या कॉन्डोत. कुठली मॅच किती गोलने जिंकलो, हे एकालाही धड सांगता येणार नाही. पण कोण कधी कसं घाबरलं होतं, एवढं विचारून बघा. मग कुणी कुणाला बोलू देत नाही. दर वेळी एखादा नवा किस्सा निघतो आणि जुना आणखी थोडा वाढलेला असतो. त्यात बोलायला मी पुढे, कारण सगळ्यात जास्त घाबरलेली मीच.

टीम आइस हॉकीची. हो, सिंगापूरमध्येच. बाहेर घामाच्या धारा, मॉलच्या वरच्या मजल्यावर बर्फ, आणि त्या बर्फावर शाळकरी पोरं काठ्या घेऊन एकमेकांच्या अंगावर जातात. नाव पेंग्विन्स. माझी ओवी त्यांची गोलकीपर. एकुलती एक, माझीही आणि टीमचीही. दुसरा कीपर कधी मिळालाच नाही. ओवीने सोडलं की टीम बंद, हे सगळ्यांना माहीत होतं. आणि मला त्या सगळ्या वर्षांत एकच गोष्ट हवी होती, की ओवीने सोडावं.

*

सुरुवात झाली एका वाढदिवसाच्या पार्टीत. ओवी तेव्हा नऊ वर्षांची. बाकीची मुलं बर्फावर मजेत घसरत होती आणि ही कठड्याला चिकटून. तिथे कोच लिम मुलांची टीम जमवत होते. आडदांड माणूस, खणखणीत आवाज. "हू वॉन्ट टू बी गोली?" त्यांनी विचारलं. कुणी हात वर करेना.

माझा नवरा नितीन रॅफल्स प्लेसला एका बँकेत रिस्क मॅनेजमेंट करतो. हे लक्षात ठेवा, रिस्क मॅनेजमेंट. तो ओवीच्या कानात म्हणाला, "तू कीपर हो. नुसतं मागे उभं राहायचं, धावपळ नाही, पडायची भीती नाही. एकदम सेफ."

ह्या माणसाने जन्मात क्रिकेटशिवाय काही पाहिलेलं नाही. ओवीने हात वर केला.

पुढच्या रविवारी पक पहिल्यांदा तिच्या दिशेने सुटला. पक म्हणजे टणक रबराची जाड चकती, हातात घेतली तर दगडच. मी नितीनकडे बघितलं.

"मला वाटलं स्पंजचा असेल," तो म्हणाला.

आणि बँक ह्याला जोखीम ओळखायला ठेवते!

*

तो पक कठड्यावर आदळतो ना, तो आवाज ऐकवत नाही. धाडकन लोखंडी दार आपटावं तसा. पहिल्या मॅचला माझ्या हातातला गरम माइलो माझ्याच मांडीवर सांडला. त्या दिवसापासून मी रिंककडे पाठ करून उभी राहायला लागले.

पण काय चाललंय ते तर कळायला हवं. मग मी वैशालीचं तोंड बघायचे. वैशाली आमच्या टीममधल्या तन्मयची आई, मूळची नागपूरची, राहते बेडोकला. ती रिंकच्या काचेकडे तोंड करून उभी, मी तिच्याकडे तोंड करून. तिच्या चेहऱ्यावरून मॅच वाचायची, असं ठरलं.

एकदा तिचे डोळे एकदम विस्फारले, हात तोंडावर गेला. "काय झालं? ओवीला लागलं का? अगं बोल ना!"

"ती समोरची बाई बघ ना," वैशाली म्हणाली, "अगदी माझ्यासारखीच पर्स आहे तिची."

मी चार दिवस तिच्याशी बोलले नाही.

*

कीपरची बॅग म्हणजे काय प्रकार असतो, ते बघितल्याशिवाय कळत नाही. ओवी आत झोपू शकेल एवढी मोठी, काळी, आणि तिला वास येतो. एकदा टॅक्सी मिळेना म्हणून आम्ही ती एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, नेली. बेडोक स्टेशनवर मी बॅग खांबापाशी उभी केली, ओवीला पाणी घेऊन द्यायला वळले, आणि परत येऊन बघते तर बॅगेभोवती मोकळी जागा. लोक लांब सरकलेले, स्टेशनचे दोन कर्मचारी मध्ये उभे.

"योर बॅग, मॅडम? इनसाइड गॉट व्हॉट?"

आपल्या लोकांना इथे भुताखेतांपेक्षा पासची, म्हणजे राहायच्या परवान्याची, भीती जास्त. नितीन एम्प्लॉयमेंट पासवर, मी त्याच्या पासवर, ओवी त्याच्या पासवर. माझ्या डोळ्यांसमोर तिघांची तिकिटं आली, एकाच बाजूची. बोबडीच वळली माझी. मी म्हटलं, "इट इज माय डॉटर."

ओवी माझ्या मागेच उभी होती म्हणून बरं. त्यांनी तिच्याकडे बघितलं, बॅगेकडे बघितलं, परत तिच्याकडे बघितलं. मग चेन उघडायला लावली. सगळ्यात वर तिचा मास्क होता, त्यावर तिने स्वतःच्या हाताने दात रंगवलेले. त्यातला एक कर्मचारी चक्क दोन पावलं मागे गेला.

"हॉकी लाह, अंकल," ओवी म्हणाली. "माय मम ऑल्वेज लाइक दॅट."

*

आता वैशालीचा किस्सा. तो ती स्वतः सांगते तेव्हा त्यात तिची चूक नसते, म्हणून मीच सांगते.

खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो. तिच्या घरी हत्यारं कुठून येणार? तिने तन्मयची हॉकी स्टिक आणि स्केट्स पाटावर मांडले. हळद-कुंकू वाहिलं, फुलं वाहिली, साखरेचा नैवेद्य दाखवला. कुंकू कोरडं उडतं म्हणून तेलात कालवून स्केट्सच्या ब्लेडला चांगलं लावलं. दुसऱ्या दिवशी त्यावर कव्हरं चढवली आणि पोराला मॅचला आणलं.

मी नेहमीप्रमाणे पाठ करून उभी. एकदम शिट्टी वाजली आणि सगळी रिंक चिडीचूप. वैशालीचं तोंड पांढरं पडलेलं, ह्या वेळी पर्सबिर्स काही नव्हती. मी वळले. पांढऱ्याशुभ्र बर्फावर लाल रेघ होती, लांबलचक, थेट ओवीच्या जाळ्यापर्यंत गेलेली.

पुढचं मला नीट आठवत नाही. म्हणतात की मी दार ढकलून चपलांसकट बर्फावर धावले आणि पहिल्याच पावलाला आडवी झाले. तशीच घसरत गेले म्हणे. इकडे रेफरीने दोन्ही टीमच्या मुलांना खाली बसवलं. हातमोजे काढ, पायमोजे काढ, मान बघ, तोंड उघड. कोच लिम एकेका मुलाला चाचपत होते. कुणालाच काही लागलेलं नव्हतं. रक्त होतं आणि जखम कुठेच सापडेना, त्यामुळे सगळे आणखीच घाबरले.

तेवढ्यात वैशाली काचेपलीकडून मला मराठीत म्हणाली, "अगं, कुंकू आहे ते. कोणाला सांगू नकोस."

सांगितलं मीच. तेव्हापासून प्रत्येक मॅचआधी कोच लिम सगळ्यांचे स्केट्स उलटे करून बघायचे आणि तन्मयला विचारायचे, "टुडे नो प्रेयर, हां?"

*

हेच कोच लिम कुणाच्या बापाला भीत नसत. पण चिनी पंचांगातला सातवा महिना आला की त्यांचा आवाज खाली यायचा. तो भुतांचा महिना. आपल्या पितृपंधरवड्यासारखाच, फक्त त्यांच्याकडे आलेली मंडळी जरा रागावलेली असतात.

त्या महिन्यातली गोष्ट. रविवारी दुपारी प्रॅक्टिस चालू होती. सामान आणायचं मागचं मोठं दार कुणीतरी उघडं टाकलं आणि बाहेरची दमट हवा आत शिरली. बर्फावरून धुकं उठायला लागलं. आधी घोट्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, मग समोरची भिंत दिसेना. त्यातच निम्मे दिवे गेले. कोचनी शिट्टी मारून सगळ्यांना बाहेर बाकावर बोलावलं. पोरं एकमेकांना चिकटून बसली.

आणि त्या धुक्यातून एक पक बाहेर आला. हळूहळू, एकटाच, सरळ आमच्याकडे. बाकाला लागून थांबला.

मारला कुणी? सगळे तर बाहेर. कोच लिम पुटपुटत भिंतीला टेकले. तन्मय वैशालीच्या ओढणीत शिरला. मी मनात रामरक्षा सुरू केली आणि दुसऱ्याच ओळीला अडकले. थोड्या वेळाने दुसरा पक आला. तसाच.

मी सवयीने बाकावरची डोकी बघितली. ओवी नव्हती. कान झाकलेल्या त्या मास्कमध्ये तिला शिट्टी ऐकूच आली नव्हती. ती आतच होती, एकटी, आपल्या जाळ्यासमोर, हाताशी पडलेले पक बाहेर ढकलत.

तिला आणलं तेव्हा ती म्हणाली, "कोणी मारतच नव्हतं, म्हणून मी परत पाठवत होते."

त्या दिवशी घरी येऊन मी खूप रडले. नितीनवर ओरडले ते वेगळंच.

*

आता शेवटचं.

ओवी तेरा वर्षांची झाली तेव्हा प्रॅक्टिसमध्ये एक पक मास्कच्या खाली शिरला आणि गळ्याच्या खळीपाशी बसला. ती खाली पडली आणि तिला श्वास घेता येईना. फार वेळ नाही, पण तेवढा मला पुरला. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, सूज उतरेल. मी तिथेच जाहीर केलं की सीझन संपला की बास. कोच लिम म्हणाले, "ओके. यू द मदर." ओवीनेही हो म्हटलं. एका शब्दानेही भांडली नाही.

सीझनच्या शेवटी आमच्यात आईबाप विरुद्ध मुलं अशी गमतीची मॅच असते. कीपरच्या घरचं कुणीतरी आईबापांच्या गोलमध्ये उभं राहायचं, अशी पद्धत. दर वर्षी नितीन असायचा, त्या वर्षी तो कामाला हाँगकाँगला. वैशालीने आणि कोचनी मिळून मला ते पॅड बांधले, छातीवर ते जाडजूड चिलखत चढवलं, डोक्यावर मास्क घातला. आतमध्ये फक्त आपलाच श्वास ऐकू येतो. खाली बघितलं तर स्वतःचे पाय दिसत नाहीत. ओवीने हाताला धरून मला बर्फावरून नेलं, जाळ्यासमोर उभं केलं, खांदे सरळ केले. त्या दिवशी ती कीपर नव्हती. ती पक मारणार होती.

समोर ती सगळी पोरं रांगेत उभी होती. मी तिचा हात सोडेना.

"ओवी, तुला इथे भीती वाटते का गं?"

"एव्हरी टाइम, आई."

"मग कधी सांगितलं का नाहीस?"

"यू ऑलरेडी सो स्केअर्ड, व्हॉट," ती म्हणाली. मग मराठीत म्हणाली, "दोघी घाबरलो असतो तर बाबाने काय केलं असतं?"

मास्कच्या आत डोळे पुसता येत नाहीत. तिकडून कोचनी शिट्टी मारली. ओवी हलली नाही. मास्कच्या जाळीला तोंड लावून हळू आवाजात म्हणाली, "आई, मला सोडायचं नाहीये. पण तू सांग. तू आत्ता सांगितलंस तर सोडेन, खरंच."

सगळे थांबले होते. मी तिचा हात सोडला.

"जा तिकडे," मी म्हटलं, "आणि हळू मारू नकोस."