गोठ्यावरचा रिले

आधी एक खोकला, मग ‘टक्’, आणि त्यापाठोपाठ स्कूटरच्या जुन्या भोंग्याची कर्कश आरोळी. निरगुडसरच्या आमच्या गोठ्यावरची संध्याकाळ मला आजही याच क्रमाने ऐकू येते. त्या वर्षांत उसाने आमची वस्ती वेढली होती आणि उसात बिबट्या नांदू लागला होता. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, ऊस आणि गोठा यांच्यामध्ये गुडघाभर उंचीवर प्रकाशाची एक तिरीप सोडली होती. ती कुणी ओलांडली की रिले नावाची चिमुकली डबी टक् करी आणि भोंगा वाजे. दिवेलागणीला, वहिनी धारेला बसण्यापूर्वी, दादा रोज स्वतः त्या तिरिपेतून जाऊन ती पारखून घेई. जाताना खोके. विडीचा खोकला म्हणून आम्ही हसत असू.

छंदच होता तो त्याचा. सुट्या भागांसाठी तो जवळची मंचरची दुकाने सोडून आळेफाट्याला, एका जिन्याखालच्या दुकानदाराकडे जाई. का, हे मी कधी विचारले नाही. माणूस जवळ असतो तेव्हा त्याच्या वाटा आपण कुठे विचारतो!

दादा तापाने गेला. काही महिन्यांनी रिलेही बिघडला, आणि पुस्तकांत वाढलेल्या मी मंचरच्या पहिल्याच दुकानातून एक चकचकीत रिले आणून बसवला. दोन-तीन दुपारी, वहिनी रानात असताना, तिरिपेत हात घालून पाहिला; भोंगा वाजला. मग एकदा धारेच्या वेळी म्हैस दावे ओढू लागली, कुत्रे शेपूट घालून वहिनीच्या पायांत शिरले, उसाची पाती हलली आणि ती हालचाल हळूहळू दूर गेली. भोंगा मात्र गप्प! उघडून पाहिले, तर रिलेच्या आतली पट्टी चिकटून बसलेली. तेव्हापासून मला शांततेचीच धास्ती बसली. भोंगा वाजत नाही तो बिबट्या आला नाही म्हणून, की भोंगाच मेला आहे म्हणून? एकाच निःशब्दतेचे हे दोन अर्थ कानांनी कसे निवडावेत?

मी आळेफाटा गाठला. दुकानदाराने चेहऱ्यावरूनच ओळखले. “तुमी त्यांचं धाकलं भाऊ व्हय?” म्हणाला. समोर डबाभर रिले चमकत होते. “ह्यातला नाय देत, राव. आतली पट्टी चिकटती ह्यांची. त्यांनाबी दिला नसता. फुडल्या आठवड्यात या.” रिकाम्या हाताने एस.टी.त बसलो तेव्हा दादाची वाट उमगली. नाही म्हणू शकणारा माणूस शोधत तो इतका दूर येत होता.

पण मधल्या संध्याकाळींचे काय? त्या मी काठी आणि बॅटरी घेऊन उसाच्या कडेला उभा राहून काढल्या. पात सळसळली की उजेड तिकडे वळवत असे. वहिनी म्हणाली, “भाऊजी, वाघ आला तर त्याला तुमचं पुस्तक वाचून दावा. लई कंटाळंल बिचारा!” हसली, पण धारेचा आवाज मधूनच तुटत होता, तीही कान देऊन बसली होती.

आठवड्याने नवा रिले मिळाला. बसवला, आणि संध्याकाळी दादासारखाच तिरिपेतून गेलो. भोंगा वाजताच वहिनी बादली टाकून घराकडे पळाली! “अहो, मीच!” मी ओरडलो. धापा टाकत ती म्हणाली, “ते आदी खोकायचे. बिनखोकल्याचा वाजला की पळायचं, असं आमचं ठरलं व्हतं.” विडीचा म्हणून आम्ही ज्याला हसलो, तो खोकला नवराबायकोतला एक करार होता!

मग मीही खोकू लागलो. थंडीतल्या एका संध्याकाळी मी अजून ओट्यावर चपला घालत होतो, तोच गोठ्याकडून टक् आले आणि भोंगा किंचाळला. वहिनी धावत आत आली. मी दार लावून घेतले.

“तुमी खोकला व्हता?”

“नाही.”

रिलेने दगा दिला नव्हता. थोड्या वेळाने भोंगा थांबला. बंद दारामागे आम्ही दोघे श्वास रोखून बसलो, आणि कितीतरी वेळ माझे कान बाहेरच्या अंधारात एक खोकला शोधत राहिले.