बघायला येणारे

भूकंपानंतर आमच्या जिल्ह्यात बघायला येणाऱ्यांना तोटा नव्हता. पांढऱ्या गाड्या यायच्या, माणसं पडक्या भिंतींपुढे उभी राहून हळहळायची आणि जेवायच्या वेळेला लातूरच्या विश्रामगृहावर परतायची. मी त्यांना मनसोक्त हसत असे. चार-पाच वर्षांनी माझ्या बायकोला कॅन्सर झाला आणि बघायला येणारे माझ्याच घरी येऊ लागले. त्यांना मी चहा दिला.

बायको शाळेत मराठी शिकवायची. केमोसाठी आम्ही एसटीने नांदेडला जायचो. परत आल्यावर तिला हातातली ताटलीसुद्धा जड वाटे. झोपून उठली तरी थकलेलीच. डॉक्टर म्हणाले, "हा थकवा नुसतं पडून राहून जात नाही, बाई. ताप नसेल त्या दिवशी चाला. आधी गल्लीच्या टोकापर्यंत, मग थोडं पुढे."

सल्ला इतका साधा होता की मला तो खरा वाटेना. तिला मात्र पटला. "जूनला उभं राहून तास घ्यायचाय मला," ती म्हणाली. "बसून शिकवलं की मागची पोरं झोपतात."

सकाळी मळमळ, दुपारी ऊन, म्हणून ती संध्याकाळी निघे. आमच्या भागात तेव्हा घरागणिक क्लास निघाले होते, आणि फाटकाफाटकावर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो होते. पहिल्या आठवड्यात ती कोपऱ्यावरच्या गणिताच्या क्लासपर्यंत गेली. महिन्याभराने घरी येऊन म्हणाली, "आज फिजिक्स ओलांडलं." आणि भाजी निवडायला बसली.

पण बघायला येणारेही संध्याकाळीच येत. एका सहकारी प्राध्यापकांनी शहाळं टेबलावर ठेवत विचारलं, "वहिनी फिरायला गेल्या? मग आम्ही बघायचं कुणाला?"

रेणापूरहून माझी थोरली बहीण आली. त्या दिवशी मीही बायकोबरोबर फिरून आलो होतो; तिने आम्हाला दारातच धरलं. "माणूस हायेस का कोण? दुखणाईत बाईला रस्त्यानं हिंडवायलास! लोकं काय म्हनतेत, ठाव हाय का?"

"अक्का, चाललं की बरं वाटतं मला," बायको म्हणाली.

"लई शानी. पड गप."

लोकलाजेवर मी व्याख्यानं दिलेली आहेत. टाळ्याही मिळाल्या आहेत. दुसऱ्या दिवशी मी पुढच्या खोलीत खाट टाकली आणि तिला म्हणालो, "आजचा दिवस पड. लोक लांबून येतात."

ती पडली. उद्याही कुणीतरी येणारच होतं. आजारी माणूस आडवा दिसला की येणाऱ्याचं समाधान होतं. अर्धा तास बसून, हळू आवाजात बोलून लोक जात, तोवर अंधार पडलेला असे.

दीड महिन्याने नांदेडच्या दवाखान्याचा जिना चढताना ती तिसऱ्या पायरीवर बसली. डॉक्टरांनी विचारलं, "चालणं कुणी बंद केलं?"

मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो.

"मीच," ती म्हणाली. "कंटाळा केला."

जूनमध्ये तिने रजा वाढवण्याचा अर्ज लिहिला. चार ओळींत दोनदा पेन खाली ठेवलं. मी तो शाळेत नेऊन दिला. मुख्याध्यापकांनी वाचून घडी घातली. "बरं केलंत, सर. त्यांना आरामच हवा. आम्ही नवीन बाई घेतल्यात, काळजी करू नका."

घरी आलो तर ती उशीला टेकून बसलेली. नवीन बाई घेतल्याचं मी तिला सांगितलं. "माझी नववी कुणाला दिली? त्या नव्या बाईंना?"

मला ते विचारायचं सुचलंच नव्हतं.