श्रीकांतची जपानी घरमालकीण

सर्वांभूती वसणाऱ्या पांडुरंगाला वंदन करून सांगतो. हसू आलं तर आवरू नका. तोही हसला असेल.

आता काय सांगू तुम्हाला! नव्वदीचं दशक सरत आलं होतं. आमची ही देवाघरी गेलेली, मुलगा श्रीकांत नोकरीसाठी जपानात, आणि नौपाड्याच्या दोन खोल्यांत मी व देव्हारा. "बाबा, माझ्या घराचं शूटिंग करून पाठवतो," असं तो फोनवर म्हणाला होता. पुढे त्याचा एक सहकारी आला, टीव्हीला एक यंत्र जोडून त्याने ते चालू करून दाखवलं आणि घाईघाईने निघून गेला.

पडद्यावर मुंग्या, विटलेले रंग, अंधारी बोळकांडी आणि टोकाला केस मोकळे सोडलेली पाठमोरी म्हातारी. मी केबलवाल्याला बोलावलं. वायर तपासून तो म्हणाला, "काका, वायर ठीक आहे. बाई ठीक वाटत नाही." चहाला थांबलासुद्धा नाही.

मी मनाशी ताडलं, ही श्रीची घरमालकीण. ती हलत नाही याचं मला नवल वाटलं नाही. उभ्या मूर्तीपुढे बसण्यातच माझा जन्म गेला आहे. रोज तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावावा, मग टीव्ही लावावा, आजीबाईंना नमस्कार करावा आणि दिवसभरात काय घडलं ते सांगावं. घडत काहीच नसे. तेही त्या निमूट ऐकत. दिवेलागणीला केस मोकळे ठेवू नयेत, एवढं मात्र एकदा सुचवून पाहिलं.

एका रविवारी श्रीचा फोन आला. म्हटलं, "अरे, तुझ्या घरात दिवा नाही, देव नाही. त्या आजीबाईंनाही आपलं असं कुणी दिसत नाही. हवं तर त्यांनाही घेऊन ये, पण तू घरी ये."

"कोणत्या आजीबाई?"

मी वर्णन केलं. तो हसत सुटला. "बाबा, शूटिंग राहूनच गेलं. घरी ठेवायला पाठवलेला तो माझा व्हिडिओ गेम आहे, भुताचा. ती म्हातारीच भूत. जवळ गेलं की खाते. तुम्ही पुढे नाही ना गेलात?"

"बाईमाणसाच्या घरात न विचारता पुढे कसा जाईन?"

पुन्हा हसला. मग हळूच म्हणाला, "रोज बोलायचात तिच्याशी?"

"तेवढंच आपलं."

"यंदा दिवाळी कधी आहे, बाबा?" त्याने विचारलं.

दिवाळीला श्री घरी आला. आजीबाईंनी पहिल्याच दिवशी त्याला तीनदा खाल्लं. मला कधी बोटही लावलं नव्हतं.

आता माझी पंचाईत पाहा. मुलगा यावा म्हणून वर्षानुवर्षं विनवलं पांडुरंगाला, आणि आणला भुताने! आधी नमस्कार कुणाला, हे या जन्मभराच्या भक्ताला अजून ठरवता आलेलं नाही.

तुम्हा सर्वांच्या घरी तिन्हीसांजेला दिवा लागो, आणि त्या उजेडात बोलायला उलट उत्तर देणारं माणूस असो.