दुसऱ्याच्या गळाला हात

साठी उलटलेल्या माणसाला सल्ला देण्याचा हक्क सगळ्या जगाला आपोआप मिळतो. दिवाळी उरकली की दर रविवारी आम्ही तिघे मित्र नदीवर गळ टाकायला निघतो, आणि निघण्याआधी किमान तीन माणसं आम्हाला अडवतात. थंडी आहे, काठ निसरडा आहे, मासे बाजारात मिळतात. मिळतात हे आम्हालाही ठाऊक आहे. बाजारात मासे मिळत असूनही नदीवर जातो, एवढ्यावरच प्रश्न संपायला हवा. पण संपत नाही.

आम्ही तिघे एकाच कारखान्याच्या टूलरूममध्ये तीस वर्षं होतो. मी मूळचा भंडाऱ्याकडचा, तळ्यांच्या मुलखातला, आता कात्रजला राहतो. दुसरा पेठेतला. तो मासे खात नाही, मासा पकडतो, नीट निरखतो आणि आम्हाला देऊन टाकतो. तीस वर्षांत त्याने आम्हाला एकदाही अरे-तुरे केलेलं नाही, आणि त्या ‘अहो’मध्ये तो इतका अपमान बसवू शकतो की शिवी परवडली. तिसरा लोणी काळभोरचा, शेतकऱ्याच्या घरातला. त्याच्या हातात कानस आली की लोखंडाचे दोन तुकडे असे बसत की मधून उजेड जात नसे. साहेब लोक परदेशी पाहुण्यांना त्याचं काम दाखवायला आणायचे. तो मान वर करायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याच हाताला कंप सुरू झाला. आधी चहाचा कप वाजायचा, मग शर्टाची बटणं लागेनात. डॉक्टरांनी नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी थोडं कमी झालं, गेलं नाही.

गळ बांधणं हे तसं डोळे मिटून करायचं काम. दोरा गळाच्या डोळ्यातून घालायचा, सहा वेढे, टोक मागे, थुंकी लावून ओढायचं. मला अर्धं मिनिट लागतं. त्याला वीस मिनिटं लागू लागली. आम्ही काही बोललो नाही. टूलरूमचा नियमच तसा होता: दुसऱ्याच्या शिकंज्यातला जॉब, म्हणजे घडवायला आवळलेला तुकडा, काढायचा नाही. त्याचं चुकतंय हे दिसत असलं तरी तो विचारेपर्यंत तोंड उघडायचं नाही. बिघडलाच, तर ज्याने बिघडवला त्याने स्वतः उचलून रिजेक्टच्या लाल पेटीत नेऊन टाकायचा. एकदा एका फोरमनने एकाच्या शिकंज्यातून जॉब काढून शेजाऱ्याला दिला होता. तो माणूस त्या दिवशी कँटीनमध्ये आला नाही. आम्हीही कुणी जेवलो नाही.

हे सगळं माहीत असूनही मी जे केलं ते केलं.

गेल्या कार्तिकातल्या एका शनिवारी लोणीवाल्याच्या मुलाचा फोन आला. मुलगा आयटीत, समंजस, वडिलांवर जीव असलेला. हे मुद्दाम सांगतो, कारण त्याला खलनायक करणं सोपं आहे.

“काका, पप्पांना जाऊ नका म्हणायला मला जमत नाही. तुम्ही त्यांना फक्त बसवा ना. गळ तुम्हीच हँडल करा. ते पाण्यात गेले तर?”

मी ‘बरं’ म्हणालो. एका शब्दाचं काम होतं आणि तो शब्द मी चुकीचा काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या जुन्या गाडीतून निघालो. लोणी काळभोरला तो रस्त्यावर उभाच होता, कानाला मफलर, हातात काठ्यांची पिशवी. पुढे उरुळी, मग डावीकडे आत, उसाच्या फडांमधून भीमेपर्यंत. तिथे नदी वळते आणि वळणावर एक खोल डोह आहे. थंडी पडली की मरळ आणि शिंगटा तिथे तळाशी जाऊन बसतात. या दिवसांत मासा सुस्त असतो. पावसाळ्यातल्यासारखा झडप घालत नाही, आमिष नुसतं ओठाने चाचपतो आणि सोडतो. काठीचं टोक किंचित लवतं, तेवढ्यात ओळखायचं. म्हणून थंडीतला मासा ज्याला मिळतो, त्याचा मान आमच्यात मोठा.

नऊच्या सुमारास लोणीवाल्याच्या काठीचं टोक लवलं. पुन्हा लवलं. तो उठला, हात पुढे केला, हात काठीभोवती नाचला आणि मुठीत काठी धड येईना. मला मुलाचा आवाज आठवला. मी झेप घातली, त्याच्या हाताखालून काठी अक्षरशः उपटली, झटका दिला आणि मासा ओढून काठावर आणला. शिंगटा होता, लांब मिशांचा, चांगला दोन किलोचा. मी खूश होऊन वळलो.

तो माशाकडे बघत नव्हता. आपल्या रिकाम्या हाताकडे बघत होता.

“हा मासा तुझा हाय,” तो म्हणाला आणि काठ्या गुंडाळू लागला.

पेठेतला चष्मा पुसत म्हणाला, “अहो, आपण फोरमन कधी झालात?”

परतीच्या वाटेवर उरुळी मागे पडली. मग मागच्या सीटवरून लोणीवाल्याने विचारलं, “पोरानं सांगितलं व्हय तुला?”

मी हो म्हणालो. खोटं बोलून निभलं नसतं.

“मंग पुढच्या बारीला पोरालाच घिऊन जा. मी कशापायी यिऊ? बसायला घरी खुर्ची हाय की.”

लोणीला तो उतरला. दार त्याने हळूच लावलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मासा घरी नेला. बायकोने कालवण केलं. मी खाल्लं. चांगलं झालं होतं, आणि त्याचाच मला राग आला.

दोन रविवार तो आला नाही. फोन उचलला नाही. आम्ही दोघे गेलो, डोहावर बसलो, त्याच्या जागेवरचा सपाट दगड मोकळा होता. पेठेतल्याने त्यावर वर्तमानपत्रसुद्धा ठेवलं नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की प्रश्न माशांचा नव्हताच. तो आता घरात खुर्चीवर बसला तर पुन्हा उठणार नव्हता. कंपाने त्याची बटणं घेतली होती, कप घेतला होता. गळ उरला होता, आणि तो मी घेतला होता.

तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी मी लोणीला गेलो. तो ओट्यावर बसला होता. मुलगा शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन. फार बरं झालं. मला दोघांसमोरच बोलायचं होतं.

मी मुलाला म्हणालो, “तुला दिलेला शब्द मी मागे घेतो. तुझ्या बापाच्या गळाला मी हात लावणार नाही.”

“काका, आणि काही झालं तर? जबाबदार कोण?”

“तो. हयातभर यंत्रावर उभा राहिलाय, एक बोट गेलं नाही त्याचं. तुला तो आजारी दिसतो. मला कानसवाला दिसतो. पाण्यात पडला तर बाहेर काढीन, तेवढं माझं काम. पण पडण्याआधी मी त्याला धरणार नाही.”

मुलगा लाल झाला. इतक्या वर्षांत त्या घरात मी आवाज चढवला नव्हता. आतून वहिनी दारापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या.

मग मी लोणीवाल्याकडे वळलो. माफी मागायची आम्हाला सवय नाही. म्हणालो, “मी तुझा जॉब काढला. रिजेक्ट माझ्या नावावर.”

त्याच्या मांडीवर हात हलत होता, त्याने तो दुसऱ्या हाताने दाबला नाही, तसाच हलू दिला.

“उद्या किती वाजता?” त्याने विचारलं.

मार्गशीर्षातली सकाळ होती, थंडी जोरात. डोहावरून वाफ निघत होती. तो आपल्या दगडावर बसला, डबी उघडली आणि गळ बांधायला घेतला. दोरा डोळ्यातून जाईना. गळ बोटात घुसला, रक्ताचा थेंब आला, त्याने तो जुन्या मफलरला पुसला. मी माझ्या काठीकडे बघत राहिलो. पेठेतला वर्तमानपत्र वाचत होता. अग्रलेख झाला, वाचकांची पत्रं झाली, छोट्या जाहिराती झाल्या. शेवटच्या पानावर तो पोहोचला तेव्हा लोणीवाल्याने गाठ दातांनी आवळली, गांडूळ लावलं आणि गळ पाण्यात टाकला.

मध्ये एकदा मी गंमत म्हणून म्हणालो, “तुझ्या हाताच्या हलण्याने आमिष हलेल, मासा लवकर येईल.”

“मासा येडा न्हाई,” तो म्हणाला.

दीड-दोन तासांनी त्याच्या काठीचं टोक लवलं. तो उठला. चिखलात एक गुडघा टेकला. हात काठीभोवती नाचला. मी माझे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो, बोटं दगडावर रगडली जाईपर्यंत. तिसऱ्या खेपेला काठी त्याच्या मुठीत आली. त्याने ओढलं. पाणी फुटलं आणि मरळीची काळी पाठ दिसली, मनगटाहून जाड. रीळ फिरत होतं, थांबत होतं, पुन्हा फिरत होतं. काठापासून हातभर अंतरावर तिने एक उसळी मारली, काठी थरथरली आणि दोरा तुटून सैल पडला.

पाण्यावरची वर्तुळं विरली.

तो गुडघ्यावरच होता. आमच्याकडे वळला, तोंडभर हसला. तसं हसू मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

“गेली,” तो म्हणाला. “पर माझ्या हातनं गेली.”

मग तो दगडावर जाऊन बसला, डबी उघडली, नवा गळ काढला आणि दोरा हातात घेतला. पेठेतल्याने वर्तमानपत्राची घडी मोडली आणि पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली.